हरलेल्या मॅचचे पेढे

आमच्या ऑफिसात दोन इजिप्शियन आहेत आणि माझं टेबल बरोबर त्यांच्या मध्ये आहे. डावीकडच्या केबिनमध्ये मुदीर, म्हणजे आमचे मॅनेजर. उजवीकडे मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून कागद फिरवून आणणारा माणूस. मुदीर कैरोच्या पांढऱ्या फुटबॉल क्लबाचे आणि मंदूब लाल क्लबाचा. या दोन क्लबांचं शंभर वर्षांचं वैर इथे आखातात, मीना अब्दुल्लातल्या आमच्या ऑफिसात रोज माझ्या डोक्यावरून ये-जा करतं.

"सदीक, त्यांना सांग, आमच्या कपाटात आता कप ठेवायला जागा नाही," मंदूब म्हणतो. सदीक म्हणजे दोस्त, म्हणजे मी.

"सदीक, त्याला सांग, पंचाला एकदा चष्मा लावा, कप आपोआप कमी होतील," केबिनमधून उत्तर येतं.

दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू गेलेलं असतं. तरी मी सांगतो, कारण मला नोकरी टिकवायची आहे.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण मुदीर कुठल्याही कागदावर सही करण्याआधी थोडा इतिहास सांगतात. क्लबाचं नाव किती वेळा बदललं, कोणत्या सामन्यात किती अन्याय झाला, परदेशातून पंच का आणावे लागतात, एकाच घरात दोन क्लब असले की जेवणाच्या टेबलावर काय होतं, सगळं. मी मान डोलावत राहिलो. पाचेक वर्षं मान डोलावल्यावर मुदीरांनी परस्पर ठरवून टाकलं की मी पांढऱ्यांचा आहे. मीही नाही म्हटलं नाही. फुकट मिळालेला क्लब कोण सोडतो?

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मला रजा हवी होती. गावी, चिपळूणजवळ, दादांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. ऐंशी पूर्ण केलेला बाप आणि एकुलता एक मुलगा. मी पोचलो नाही तर संकल्पाला पाटावर बसणार कोण, आणि भावकीला तोंड दाखवणार कसं? मी दहा दिवसांचा अर्ज मुदीरांच्या टेबलावर ठेवला. त्याच आठवड्यात लाल-पांढऱ्यांची मॅच होती.

"मॅच होऊ दे," मुदीर म्हणाले. "जिंकलो की सही."

मी हसलो. ते हसले नाहीत.

मॅच बुधवारी संध्याकाळी. नेमका त्याच दुपारी आमच्या कन्येचा दहावीचा निकाल लागला आणि तो आमच्या सगळ्यांच्या अपेक्षेपेक्षा फारच बरा लागला. मग काय, फिंतासमधल्या आमच्या घरातून पुणे, चिपळूण, ठाणे असे फोन सुरू झाले. मॅच मी साफ विसरलो. सकाळी बायकोने हातात पेढ्यांचा डबा दिला. "अहो, आधी साहेबांना द्या हं," तिने बजावलं.

मी दिला. आणि आपल्याकडे पेढा कसा देतात? कारण आधी सांगत नाहीत. पेढा पुढे करतात, डोळे मिचकावतात आणि म्हणतात, आधी तोंड गोड करा, मग सांगतो. मी तस्संच केलं. केबिनमध्ये शिरलो, तोंडभर हसलो, डबा उघडून मुदीरांच्या नाकाखाली धरला आणि म्हणालो, "फर्स्ट स्वीट, देन न्यूज!"

मुदीरांचे डोळे लाल होते. न्यूज त्यांना माहीत होती. पांढरे तीन गोल खाऊन हरले होते.

त्यांनी एकदा पेढ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तेवढ्यात मागून मंदूब आला. त्याने डबा पाहिला, "मबरूक! मबरूक!" असं ओरडत मला अभिनंदनाची मिठी मारली आणि एकदम तीन पेढे उचलले. गोलामागे एक.

"माझ्या मुलीचा निकाल..." मी म्हणालो.

"कालच लागला?" मुदीर म्हणाले. "संध्याकाळी?"

"दुपारी!"

"अच्छा. दुपारी," असं म्हणून त्यांनी माझा अर्ज उचलला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. मी मोबाइलवर गुणपत्रिका दाखवली. त्यांनी ती पाहिलीसुद्धा नाही. त्या दिवसापुरता मी त्यांच्या लेखी तीन गोलांवरचा चौथा होतो.

घरी येऊन मी डोकं धरून बसलो. तिकीट काढलेलं, भटजी ठरलेले, दादांनी अख्ख्या आळीला सांगून ठेवलेलं. बायको म्हणाली, "अहो, त्यांच्या घरी दुःख झालंय आणि तुम्ही पेढे घेऊन गेलात. आता भेटायला जायला हवं."

"भेटायला म्हणजे?"

"म्हणजे भेटायला. जसं जातात तसं."

मुलगी सोफ्यावरून म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ मॅच! धिस इज सो एम्बॅरसिंग." तिचं ऐकायला हवं होतं, पण रजा तिला नको होती, मला हवी होती.

शुक्रवारी दुपारी आम्ही जाब्रियाला मुदीरांच्या घरी गेलो. मी पांढऱ्या सदऱ्यात, बायको फिकट साडीत, दोघेही रिकाम्या हाताने, कारण अशा वेळी काही नेत नाहीत. येताना गाडीत बायकोने ताकीद दिली होती की निघताना "येतो" म्हणायचं नाही. दार मुदीरांच्या बायकोने उघडलं. आमचे चेहरे पाहून ती घाबरली. आम्ही खाली मान घालून सोफ्याच्या कडेवर टेकलो. मुदीर घरच्या पायजम्यात समोर येऊन बसले.

मी म्हणालो, "फार वाईट झालं."

"काय?"

"तीन गोल."

मुदीरांची बायको तोंडावर हात धरून आत पळाली. तिच्या हसण्याचा आवाज स्वयंपाकघरातून येत होता. मला वाटलं, आता नोकरीही गेली. पण मुदीर हसत नव्हते आणि चिडलेलेही नव्हते. ते माझ्या सदऱ्याकडे बघत राहिले.

"माझे वडील लाल होते," ते म्हणाले. "मी पांढरा झालो तो फक्त त्यांच्याशी भांडायला मिळावं म्हणून. सात वर्षांचा होतो. आम्ही हरलो की म्हातारा पाच मिनिटांत कैरोहून फोन करायचा. हॅलोसुद्धा नाही, नुसता हसायचा. मी फोन आपटायचो."

त्यांनी समोरच्या टेबलावरचा मोबाइल उलटा करून ठेवला.

"फेब्रुवारीत मी चार दिवस कैरोला गेलो होतो ना?"

गेले होते. ऑफिसात आम्हाला वाटलं होतं, जमिनीचं काही काम असेल. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

"परवा मॅच संपल्यावर मी फोन हातात घेऊन बसलो होतो," मुदीर म्हणाले. "कुणी हसलं नाही. आणि सकाळी तू आलास, दात काढत, मिठाई घेऊन."

बायकोने डोळ्याला पदर लावला. आम्ही खरोखरच भेटायला आलो होतो, फक्त ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

मुदीरांनी विचारलं, "तू तुझ्या वडिलांशी भांडतोस?"

"हो. दर शुक्रवारी."

"कशावरून?"

"विहिरीवरचा पंप. ते म्हणतात दुरुस्त करू, मी म्हणतो नवा घेऊ. नऊ वर्षं झाली."

"चांगला विषय आहे," मुदीर गंभीरपणे म्हणाले.

रविवारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ड्रॉवरमधून अर्ज काढला, या वेळी इतिहास न सांगता सही केली, मग थांबून दहाचा आकडा खोडला आणि त्यावर वीस लिहिलं.

मी म्हणालो, "मुदीर, कार्यक्रम एका दिवसाचा आहे. दहा पुरे."

"दहा दिवसांत काय भांडून होणार?" ते म्हणाले.