रस्ता कंपनीचा

सदरमधल्या खाण कंपनीच्या ऑफिसात मी चहा द्यायची. तिथं टेलिफोनच्या बोर्डावर एक ऑपरेटर बसायचा. सकाळी वायरींची टोकं फुंकत रामटेकच्या ऑपरेटरले विचारायचा, "तुमच्याकडून कुठं कुठं बोलणं होऊन राहिलं गा?" मग आपल्या चालू लाइनी त्याले सांगायचा.

एकदा खाणीचं छत कोसळलं. माझा भाऊ आत होता, अन् खाणीची सरळ लाइन बंद.

"रामटेकवरून विचारा ना, दादा."

"तिकडून खाणीले रस्ता आहे वं बाई. पण कंपनीचा आहे, घरच्यांसाठी हुकूम नाही."

तेवढ्यात साहेबाले खाणीशी बोलायचं झालं. ऑपरेटरनं रामटेकवरून लगेच लाइन जोडून दिली. अडकलेल्या मालाचं बोलणं झालं.

"माणसांचं काय म्हणाले?" मी विचारलं.

वायर काढत तो म्हणाला, "साहेबानं ते विचारलंच नाही."

भाऊ गेल्याचं मले दुसऱ्या दिवशी खाणीकडून आलेल्या बसच्या कंडक्टरनं सांगितलं.