समोर नसलेली माणसं

दुपारी गॅस सिलिंडर घेऊन माणूस आला. लिफ्ट बंद होती. माझ्या नवऱ्याने, अभयने, त्याला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, "दमलात हो," म्हणाला. मग पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसला आणि नांदेडच्या एका बाईंना त्याने लिहिलं, "एवढंही कळत नसेल तर इथे येत जाऊ नका."

अभय आणि काही मंडळी मिळून मराठी टायपिंगचा मोफत कीबोर्ड बनवतात. त्यातल्या चुका कुणीही त्यांच्या वेबसाइटवर कळवाव्यात, अशी पद्धत आहे. बाईंनी चार वाक्यांत 'ऱ्या' नीट उमटत नाही, एवढंच कळवलं होतं. ते आधीच कुणीतरी कळवलेलं होतं, म्हणून हा संताप.

"त्या समोर असत्या तर असं बोलला असतास?"

"समोर कुठे आहेत?"

माझं डोकंच फिरलं. समोर दिसत नाही तो माणूसच नव्हे की काय? आपलं काही चुकणार तर नाही ना, या धाकात त्यांनी ती चार वाक्यं कितीदा खोडून लिहिली असतील.

थोड्या वेळाने त्यांचं उत्तर आलं, "माफ करा. पुन्हा त्रास देणार नाही."

"तुमच्याकडे कसं वागावं याचे काही नियम नाहीत का रे?"

"आहेत की. पहिल्याच पानावर."

"कुणी लिहिलेत?"

"मीच."