चादरीतून आलेलं दुखणं

रुग्णालयाच्या तळघरात लॉण्ड्री आहे. तिथे बारा बायका कामाला आहेत, त्यातल्या एकीला सगळे घडी म्हणतात. तिला नाव आहे, हजेरीपटावर लिहिलेलंही आहे, पण हाक मारताना ते कुणाच्या तोंडी येत नाही. तिने दुमडलेली चादर लांबून ओळखू येते. कोपऱ्याला कोपरा असा बसलेला असतो की उलगडणाऱ्यालाच वाईट वाटावं. मोठी चादर एकटीने दुमडता येत नाही, दोघी लागतात. समोरासमोर उभं राहायचं, टोकं धरायची, झटका द्यायचा, चालत जवळ यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा मागे जायचं. दिवसाला तीनशे वेळा. घडीच्या समोर आक्का असते. आक्काचं तोंड मशीनपेक्षा जास्त चालतं, घडीचं जवळजवळ नाहीच, म्हणून त्यांची जोडी सात वर्षं टिकली आहे.

मी तिथे गेले ती घडीच्या रक्ताच्या अहवालासाठी. तिला चौथा महिना होता. आरोग्य केंद्रात गरोदर बाईचं कार्ड काढतात तेव्हा रक्त घेतात, त्यात एक तपासणी सिफिलिसची असते. तिच्या रक्तात तो निघाला होता. दोनदा निरोप जाऊनही ती अहवाल न्यायला फिरकली नाही, म्हणून केंद्रातल्या सिस्टरने मला पाठवलं. या कामात मला बावीस वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, पण कुणाच्या दारात काय बोलायचं आणि काय गिळायचं हे मला बरं कळतं. निदान तेव्हा मी तसं धरून चालले होते.

"घ्या, सुई घरपोच आली!" आक्का मला बघताच ओरडली. तिला वाटलं, रक्तवाढीची सुई. मी तिला तसंच वाटू दिलं. बाईच्या आजाराची गोष्ट बाईशिवाय कुणाला सांगायची नाही, हा आमचा पहिला नियम.

"घेऊन जा हिला," आक्का म्हणाली, "पण लवकर परत आणा. मी एकटी चादरीशी फुगडी घालू का?"

बॉयलरच्या खोलीबाहेर एक बाक होता. तिथे घडीला बसवलं आणि सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. हात मांडीवर, ओल्या कामाने पांढरे पडलेले, बोटांची टोकं सुरकुतलेली.

"चादरीतून आलं असणार," ती म्हणाली.

"चादरीतून येत नाही हे."

"सगळ्या वॉर्डांचं इथेच येतं. रक्त, पू, सगळं. हातमोजे फाटके असतात."

मी पुन्हा सांगितलं. हा आजार संबंधातून येतो, नाहीतर आईकडून पोटातल्या बाळाला जातो. कपड्यातून नाही, संडासातून नाही, एका ताटातून नाही. अंगाबाहेर, कोरड्या जागी तो जंतू टिकत नाही. ती मान हलवत होती, पण ती मान ऐकल्याची नव्हती. मग मी विचारलं, याआधी किती वेळा दिवस गेले होते?

"दोनदा."

"मुलं?"

"नाहीत. पहिलं सातव्या महिन्यात गेलं. दुसरं पाचव्या." बसची वेळ सांगावी तशी तिने सांगितलं. "पहिल्या वेळी याच दवाखान्यात होते. गुंडाळून दिलं ते कापड मीच दुमडलेलं होतं. माझी दुमड मला कळते. बाराव्या दिवशी कामावर आले."

तेव्हा रक्त कुणी तपासलं नव्हतं का? पहिल्या वेळी ती कार्ड काढायलाच सहाव्या महिन्यात गेली. दुसऱ्या वेळी कागद कुठेतरी हरवला, आणि हरवल्याचं कुणाला काही वाटलं नाही. मला वाटलं, कार्ड काढतात त्या टेबलावर जाऊन एकेकाची कॉलर धरावी. घडीला काही वाटत नव्हतं. आत आत कुठेतरी ती बंद झाली होती, आणि बंद असण्याचा तिला त्रासही नव्हता.

आता खरं पणाला लागलं होतं ते तिसरं. सिफिलिस पोटातल्या बाळाला मारतो, पण वेळेत पेनिसिलिन मिळालं तर बाळ वाचतं, हेही तितकंच खरं. तिला आजार कधीपासून आहे ते ठाऊक नव्हतं, म्हणून तीन सुया, आठवड्याला एक. आणि नवऱ्याचीही तपासणी आणि उपचार. दोघांचे पुरे होईपर्यंत जवळ यायचं नाही. नाहीतर एका दाराने काढायचं आणि दुसऱ्या दाराने आत घ्यायचं.

नवरा रंगारी. नव्या इमारतींची कामं घेणाऱ्या ठेकेदाराकडे. तीन-चार महिने कामावरच राहायचा, अर्धवट बांधलेल्या मजल्यावर आठ जणांत, मग आठ दिवस घरी. घडीने त्याला फोनवर सांगून टाकलं होतं, लॉण्ड्रीतून काहीतरी लागलंय. तो म्हणाला, नोकरी सोड. ती म्हणाली, बघू. विषय संपला. त्यानंतर ती दोन-दोन हातमोजे घालायला लागली, घरी शिरण्याआधी खालच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायला लागली, आणि त्याचे घरातले कपडे वेगळे उकळायला लागली. त्याला लागू नये म्हणून. दुखणं तिला नवऱ्याकडून आलं होतं, आणि ती नवऱ्याला त्या दुखण्यापासून जपत होती.

पहिली सुई मंगळवारी झाली. आधी अंगाला चालते का ते पाहिलं, मग दोन्ही कुल्ल्यांत. औषध दाट असतं, जीव जातो. घडीने हूं की चूं केलं नाही. अर्धा तास बसवून ठेवलं, ती भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे पाठ करून बसली.

दुसऱ्या मंगळवारीही आली. परत जाताना मी सोबत निघाले. नवरा येत्या सोमवारी घरी येणार होता. मी म्हटलं, त्याला घेऊन ये.

"त्याला कशाला? तो चादरींना हात लावत नाही."

इथे माझं डोकं सटकलं. भर रस्त्यात. "चादरींच्या आड नवऱ्याला लपवू नकोस," मी म्हटलं. "ती दोन्ही पोरं चादरीने नाही घालवली. त्याने घालवली."

ती थांबली नाही. वळली नाही. तशीच त्याच चालीने पुढे गेली आणि कोपऱ्यावर वळली.

तिसऱ्या मंगळवारी ती आली नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. शुक्रवारी सिस्टर म्हणाली, "ताई, उद्या सकाळी आली तरी चालणार नाही. गरोदर बाईला दोन सुयांत नऊ दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं की मोजणी पुन्हा एकपासून. काय झालं तिला?" काय झालं ते मला ठाऊक होतं. मी खरं बोलले होते, यात शंका नाही. पण त्या खऱ्याने बाळाचा एकही दिवस वाढवला नव्हता, उलट खाल्ला होता.

शनिवारी मी तळघरात गेले. आक्का एकटीच टॉवेल दुमडत होती, चादरींचा ढीग तसाच पडलेला.

"काय केलंत हो हिला? आधीच बोलत नव्हती, आता ऐकायचंही बंद केलंय," आक्का म्हणाली. "दगडाला तरी कधी शेवाळ येतं."

घडी आत ड्रमजवळ होती. मशीनवरचा तापमानाचा आकडा बघत उभी. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. माफी मागायला मला कुणी शिकवलं नाही, त्यामुळे मी एवढंच म्हटलं, "त्या दिवशी जास्त बोलले."

ती आकड्याकडेच बघत होती. "सत्तर," ती म्हणाली. "सत्तरला अर्धा तास ठेवतात. वरून ब्लीच. यात काही जगत नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "मला माहीत होतं. चादरीतून आलं म्हटलं की कुणाचं काही नाही. चादरीवर राग धरता येत नाही."

"उद्या दुपारी घरी या. तो आहे. पण तुम्ही बोलायचं नाही."

रविवारी गेले. तिसरा मजला, एक खोली, पडद्यामागे चूल-मोरी. रंगारी खिडकीत बसून नखांतला रंग रॉकेलच्या चिंधीने काढत होता. उंच, हसरा, एकदम गोड माणूस. माझ्यासाठी खुर्ची पुसली. "या ताई. बघा, हिच्या हाताने पांढरे कपडे पांढरे होतात, माझ्या हाताने पांढऱ्या भिंती रंगीत होतात. आमचं दोघांचं मिळून एक घर फिट्टंफाट होतं." मला हसू आलं, हे लिहायला हवं. राग धरायला माणूस वाईट असला की सोपं जातं.

घडीने चहा ठेवला. मग उभ्याउभ्याच म्हणाली, "केंद्रात चल. रक्त द्यायचंय तुला."

"मला? मला काय धाड भरलीय?"

"लग्नाच्या वर्षी तुझ्या तळहातांना डाग उठले होते. तळपायांनाही. तांबडे. खाजत नव्हते."

"ते टर्पेंटाइनचं. सगळ्या रंगाऱ्यांना होतं."

"तळपायाने रंगवतोस का?"

तो हसायला गेला, पण हसू तोंडाशीच राहिलं. बघा, दोघांच्या धंद्यांनी दोघांना कारण पुरवलं होतं, तिला चादरींचं आणि त्याला टर्पेंटाइनचं. आणि हा आजार असतोच तसा. आधी एक जखम येते, ती दुखत नाही, आपोआप भरते. मग डाग येतात, तेही जातात. माणूस म्हणतो, सुटलो. आजार मात्र रक्तात मुक्कामाला बसलेला असतो.

"तूच म्हणालीस ना चादरीतून आलं?" रंगारी म्हणाला. "मग तुझ्या सुया तू घे. मला कशाला मध्ये ओढतेस?"

"चादरीतून काही येत नाही," घडी म्हणाली. आवाज चढला नाही, उतरला नाही. "मी रोज उकळते त्यांना. मी खोटं बोलले. माझ्या अंगात आलं ते तुझ्याकडून. माझ्याकडून त्या दोघांना गेलं. हे तिसरं आहे. तू सुई घेतली नाहीस तर मी घेऊन उपयोग नाही. नाही येणार असशील तर आत्ताच सांग, मी आक्काकडे राहायला जाते."

चहा उतू गेला. कुणी उठलं नाही. शेवटी तिनेच गॅस बंद केला आणि फडक्याने ओटा पुसला, कडेपासून कडेपर्यंत.

माझ्या जिभेवर बावीस वर्षांचं भाषण आलं होतं. ते मी दातांखाली दाबून ठेवलं. आयुष्यात इतकं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही.

रंगाऱ्याने चिंधी खिडकीत ठेवली. "उद्या किती वाजता उघडतं?" त्याने मला विचारलं. घडीकडे त्याला बघवत नव्हतं.

सोमवारी दोघं आली. त्याचंही रक्त तसंच निघालं. सिस्टरने त्याला वेगळं बसवून सगळं विचारलं, न ओरडता, न लाजता. कामावर असताना कुणाकडे जातोस का, किती वेळा, कंडोम वापरतोस का. नाही म्हणाला. का नाही? सोबतचे हसतात म्हणाला. तिने पाकिटं हातात दिली, वापरायचं कसं ते दाखवलं, आणि सांगितलं, बरा झालास म्हणजे पुढच्या वेळी होणार नाही असं नाही. तुझ्या सोबतच्यांनाही आण. मग त्याने दाराकडे बघत विचारलं, "ती दोन... यानेच?"

"आता छातीठोक सांगता येणार नाही," सिस्टर म्हणाली. "पण बहुतेक यानेच."

सुई टोचताना तो मोठ्याने ओरडला. बाहेर बसलेल्या घडीने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

तिची मोजणी एकपासून सुरू झाली. तीन मंगळवार, एकही चुकला नाही. तो तीन आठवडे कामावर गेला नाही, ठेकेदाराच्या शिव्या खाल्ल्या, आणि खोलीच्या दुसऱ्या भिंतीला अंथरूण घातलं. पुढे दर महिन्याला तिचं रक्त तपासलं तेव्हा आजाराचा आकडा उतरत गेला. सिस्टर खूश. घडीला सांगितलं की ती "बरं" म्हणायची. पोट वाढत होतं आणि ती त्यावर हात ठेवत नव्हती. आक्काने एकदा तिच्या पोटाला कान लावला आणि म्हणाली, "आत कुणीतरी फरशी धुतंय गं!" घडी म्हणाली, "टोकं धर."

नवव्या महिन्यात मुलगी झाली. जिवंत. रडली. तिची तपासणी झाली, खबरदारी म्हणून एक सुई तिलाही दिली. घडीने तिला पाजलं, पुसलं, झोपवलं, सगळं नीट. नाव काय ठेवायचं विचारलं तर म्हणाली, "अजून नाही."

तीन महिन्यांनी रक्त पुन्हा बघायचं असतं, बाळाच्या रक्तातून आईकडचा अंश गेला का ते. तारखेच्या दोन दिवस आधीच ती दारात हजर. रंगाऱ्याच्या खांद्यावर पोर, ही दोन पावलं मागे. बाकावर दोघांमध्ये एक माणूस मावेल एवढी जागा. मला राहवलं नाही. तो पाणी आणायला गेला तेव्हा मी हळूच विचारलं, "माफ केलंस का त्याला?"

"तुम्हाला दुसरी कामं नाहीत का?" घडी म्हणाली.

सिस्टरने पोरीच्या टाचेला टोचलं. पोरीने केंद्र डोक्यावर घेतलं, रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. रंगाऱ्याचे डोळे भरून आले. घडीने टाच अंगठ्याने दाबून धरली, रक्त थांबेपर्यंत. मग मोकळ्या हाताने कार्ड पुढे सरकवलं.

"पुढची तारीख लिहून द्या," ती म्हणाली.