सांताक्रूझचं तीन शेपट्यांचं विमान

माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. बागलीच्या घरानं या वहीत लिहून ठेवलंय की धारच्या माई मुंबईला मोतीबिंदू काढायला गेल्या. आधी वही दोन महिने दाबून ठेवली, पानावर हळद सांडली, वर ही बातमी! त्यांना बापूनं सांगितलं असेल, आणि बापूला मीच सांगितलं होतं. पोराशी खोटं बोलले ते बोलले, पण वहीत खोटं राहू नये.

आता धार, देवास, बागली, अमझेरा, चारी घरांच्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कुठं जाऊन आलं की या फिरत्या वहीत लिहायचं, म्हणजे पुढच्याला वाट कळते, असा आपला नेम. माझं शिक्षण तिसरीपर्यंत. अक्षरावरून कुरकुर नको.

मी विमानं बघायला गेले होते. म्हणजे कुसुमला बघायला. माझं शेंडेफळ. दोन वर्षांपूर्वी तिनं विलायतेच्या विमानावर नोकरी धरली, लोकांना चहा-जेवण द्यायची. बापू म्हणाला, "परक्या पुरुषांना हवेत चहा देणारी बहीण मला नको." तिची पत्रं दारातून परत जातात. तेव्हापासून इंदूरचं विमान दुपारी वरून गेलं की मी हातातलं टाकून अंगणात येते. सून म्हणते, "माई, वन्सं त्यात नसतात." मला कळत नाही का? पण मान वर होतेच.

निघाले. धारहून इंदूरची पहिली मोटर धरा, दुसरीत बकऱ्या असतात. कंडक्टर ओरडत होता, "भिया, जरा खिसको, माँजी को बैठने दो!" भिया खिसकला चार बोटं. इंदूरहून छोट्या गाडीनं खंडवा. बायकांच्या डब्यात बसा. पाताळपाणीच्या घाटात खिडकीबाहेर डोकं काढू नका, कोळसा डोळ्यात जातो, मग खरंच डोळ्यांचं काम निघेल. काळाकुंडला कलाकंद घ्या, पानातला, गरम असतानाच. मोरटक्क्याला नर्मदामाईला हात जोडले आणि म्हटलं, एकदा दिसू दे, बोलणं झालं नाही तरी चालेल. बाईनं तेवढंच ऐकलं. मागताना हात आखडू नये, हे लक्षात ठेवा.

खंडव्याला मोठी गाडी. बरोबर दशम्या, लसणीची चटणी आणि आपली शेव असू द्या. मुंबईची शेव म्हणजे तळलेला दोरा. दादरला भाची सुमन घ्यायला आली होती, ती पार्ल्याला राहते. तिथून सांताक्रूझचा विमानतळ जवळ.

पहिल्या दिवशी सुमननं नेलं. चार आण्यांचं तिकीट काढलं की वर सज्जात उभं राहता येतं. कानात कापूस घाला. आपल्याकडे वरून जातं ते विमान चिमणीएवढं. इथं समोर उभं राहिलं की आपल्या इंदूरच्या लालबाग राजवाड्याएवढं. एक उतरतं, एक उडतं, एकाला धूर, एकाला उशीर. सज्जात कोणी रडतंय, कोणी भजी खातंय. एक पेन्शनर गृहस्थ मात्र कठड्याला टेकून दुर्बिणीतून विमानाच्या शेपटीवरची अक्षरं बघायचे आणि वहीत उतरवायचे.

मी विचारलं, "हे लिहून काय मिळतं?"

"काही नाही. आलं, गेलं, एवढं कळतं."

"एवढ्यासाठी रोज?"

"तुम्ही कशासाठी आलात, आजी?"

मी कानातला कापूस आणखी आत ढकलला.

संध्याकाळी तीन शेपट्यांचं मोठं विमान उतरलं. असलं शेपटांचं लोढणं मी जन्मात पाहिलं नव्हतं. माणसं उतरली, मी प्रत्येक साडी निरखली. कुसुम पाचवारी नेसायला लागलेली, एवढं मला ठाऊक होतं. कुसुम नव्हती. शेवटी एक बया उतरली, कोट, गुडघ्याच्या जरा खाली येणारा झगा, डोक्यावर होडीसारखी टोपी, आणि टाचा आपटत ताडताड चाललेली. मी सुमनला म्हटलं, "बघ, आईनं चालायला शिकवलं नाही हिला."

दुसऱ्या दिवशी एकटी गेले. पाच साड्या उतरल्या, एकही माझी नाही. पेन्शनरांनी आपल्या डब्यातला पोहा पुढं केला. गोड होता, पण माणूस बरा म्हणून खाल्ला. आणि सांगून टाकलं, मुलीला शोधतेय, विमानात चहा देते, सकाळपासून साड्या मोजतेय.

ते म्हणाले, "आजी, त्या साडी नेसत नाहीत. कोट, झगा आणि टोपी."

तोंडातला घास तोंडात राहिला. टाचा आपटून चालते म्हणून मी जिला लहानपणापासून बोलत आले, तिलाच काल डोळ्यांसमोरून जाऊ दिलं होतं, वर तिच्या आईचा उद्धार केला होता. मोतीबिंदू असता तर बरं झालं असतं.

पेन्शनरांनी वही उलटली. "कालचं तीन शेपट्यांचं उद्या दुपारी परत जातं. माणसं बहुधा तीच असतात."

तिसऱ्या दिवशी तिकीट काढणारी पहिली मीच. उजवा कोपरा धरा, जिना तिथंच लावतात. बारानंतर ती आली. अंगावर तेच कपडे, आणि चाल माझ्या अंगणातली. वाळली आहे. जिन्याच्या वर दारात उभी राहिली आणि चढणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून आत घेऊ लागली. गोरा, काळा, फेटेवाला, टोपीवाला, एका पोराचं तर नाकही पुसलं. एवढ्या परक्यांना या म्हणत होती. मी ओरडले, "कुशेऽऽ!" तेवढ्यात पंखे सुरू झाले. तिनं डोळ्यांवर हात धरून सज्जाकडे पाहिलं, पण ऊन माझ्या पाठीमागे होतं. मग दार लागलं.

पेन्शनर म्हणाले, "मी इथं असतोच. पुढच्या खेपेला खाली तिला गाठतो. काय निरोप देऊ?"

ये म्हणायचं, तर दार कोणाचं? घर बापूचं, भाकरी बापूची. बोलवून उंबऱ्यावरून परत लावायची का पोरीला? म्हटलं, पत्रानं कळवते. त्यांनी आपला पत्ता लिहून दिला आणि त्याखाली त्या विमानाची अक्षरंही. मला इंग्रजी येत नाही, पण ती पाच अक्षरं आता न बघता काढता येतात. चुलीपुढे राखेत काढून पाहिली.

येताना नर्मदामाईला हात जोडले नाहीत. सध्या आमचं बोलणं बंद आहे.

घरी येऊन आठ दिवस झाले. पाय सुजलेत, कानात घरघर आहे, बाकी ठीक. काल दुपारी इंदूरचं विमान गेलं. बापू अंगणात दाढी करत होता. मी वर पाहिलं, त्यानंही पाहिलं. मग म्हणाला, "माई, डोळे कसे आहेत आता?" मी म्हटलं, "स्वच्छ."

तर बापू, आता हे वाच. भाऊबीजेला कुसुम दारात आली, तर तू पाटावर बसणार की नाही? हो किंवा नाही, खालच्या कोऱ्या जागेत लिही. देवासच्या काकांनी मध्ये पडायचं नाही, अमझेऱ्यानं उपदेश करायचा नाही, सूनबाईनं तर लिहायचंच नाही, तिचं उत्तर मला माहीत आहे. बापूनंच लिहायचं, स्वतःच्या हातानं, चारी घरांना वाचता येईल असं. तोवर वही धारहून हलणार नाही.