आबांचं नाव शोकठरावात

देवचंद आबांचं नाव मेलेल्यांमधे वाचलं गेलं तेव्हा आबा माझ्या हातातनं चहा घेत होते.

ग्लास अर्धा त्यांच्या बोटात, अर्धा माझ्या. स्टेजवरून भाऊ वाचत होते, "कॉम्रेड देवचंद आबा, नवागाम शाखा." मी आबांकडे बघितलं. आबांनी माझ्याकडे बघितलं. ग्लास सांडला नाही काही नाही, त्यांनी नीट घेतला, खुर्चीखाली ठेवला. मग भाऊ म्हणाले, "सर्व कॉम्रेडनी दोन मिनिटं उभं राहावं." अख्खा हॉल उभा राहिला. आबा पण उभे राहिले.

ती यादी मी लिहिली होती. माझ्या हातानं.

मी लिंबायतला लाल झेंड्याच्या एका पार्टीच्या ऑफिसात कामाला आहे. झाडू, पाणी, चहा, पेपर लावणं. सातवी झाले शिरपूरकडे, मग लग्न, मग सुरत. नवरा कापडाच्या लूमवर होता, आता वापीला दुसरीबरोबर राहतो. मी आणि माझी दीड वर्षाची खुशी ऑफिसच्या वरच्या खोलीत राहतो. खोली पार्टीची आहे. काम गेलं की खोली गेली. अक्षर बरं आहे म्हणून वह्या उतरवायचं काम पण माझ्याकडेच.

कॉन्फरन्स म्हणजे काय ते सांगते, मला पण आधी माहीत नव्हतं. काही वर्षांनी एकदा सगळ्या शाखा आपली माणसं पाठवतात. त्यांना डेलिगेट म्हणतात. ते जिल्ह्याची कमिटी आणि सेक्रेटरी निवडतात. पण सगळ्यात आधी शोकठराव. मागच्या वेळेपासून जे कॉम्रेड वारले त्यांची नावं वाचायची आणि उभं राहायचं. शाखा चिठ्ठ्या पाठवतात, मी त्या एका वहीत उतरवते, भाऊ टाइप करायला देतात. आणि वहीत जे नाव आलं ते सभासदांच्या रजिस्टरमधनं लाल पेनानं कापायचं. ते पण मीच.

भाऊ म्हणजे प्रभाकरभाऊ, आमचे सेक्रेटरी. दरवेळी ते कमिटीच्या नावांची यादी वाचतात, तिला पॅनल म्हणतात, सगळे हात वर करतात, झालं. यावेळी सरलाबेन त्यांच्या विरोधात उभी राहिली आणि मतपेटी आणावी लागली. भाऊंचं म्हणणं, म्युनिसिपालिटीच्या इलेक्शनला मोठ्या पार्टीबरोबर जाऊ, दोन सीट तरी येतील. सरलाबेन भर मीटिंगमधे बोलली, "मग झेंडा कशाला ठेवता भाऊ? त्याचे पडदे शिवा." त्या दिवसापासून ऑफिसात दोन टेबलं झाली. चहा पण वेगवेगळा मागायचे. किटली एकच होती.

दोन्हीकडची मतं जवळजवळ सारखी. कोणत्या शाखेचा कोण कुणाकडे, सगळ्यांनी बोटावर मोजून ठेवलं होतं. फक्त नवागामच्या आबांचं कळत नव्हतं.

तर ती दोन मिनिटं. हॉलच्या बाजूला कारखाना आहे, त्याचे लूम चालू होते, खटखट खटखट, बाकी काही नाही. आबांची मूठ वर. त्यांच्या दोन्ही बाजूची माणसं हळूच थोडी सरकली, जशी मयताला वाट देतात तशी. सगळ्यांनी बघितलं होतं. पण मान कोणी वळवली नाही. समोर भिंतीकडेच बघत होते सगळे. मला वाटलं आबा फक्त मलाच दिसतायत. मी कडेवरच्या खुशीला एवढं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

मग घोषणा. "कॉम्रेड देवचंद आबा!" "अमर रहे!" आबांचे ओठ पण हलले. मी बघितलं. देवाशपथ सांगते, त्यांनी पण म्हटलं.

सगळे खाली बसल्यावर सरलाबेन ओरडली, "आ शुं नाटक छे? माणूस इथं जिवंत बसलाय!"

अध्यक्ष होते बारडोलीचे एक रिटायर मास्तर. ते म्हणाले, "शोकठराव एकमताने पास झालाय. उभे राहिले म्हणजे पास. तुम्ही पण उभ्या होतात, कॉम्रेड."

"मेलेल्यांच्या ठरावाला विरोध कोण करतं मास्तर?"

"तेच म्हणतोय मी. आबा पण उभे होते."

मग डेलिगेटची यादी काढली. आबांचं नाव नाही, ती यादी रजिस्टरवरनंच करतात. रजिस्टर काढलं. लाल रेघ. म्हणजे मत नाही. मास्तर म्हणाले, "जेवणानंतर चौकशी करू. यादी कोणी लिहिली?"

तेव्हा मात्र सगळ्यांच्या माना वळल्या. माझ्याकडे.

ऑफिस दोन गल्ल्या सोडून आहे. खुशीला कडेवर घेऊन पळत गेले. चिठ्ठ्यांची फाईल काढली. मनात म्हणत होते, देवा, चिठ्ठीत नसू दे, नाही, असू दे, चिठ्ठीत असेल तर माझी चूक नाही. नवागामची चिठ्ठी लूमला लावतात त्या पुठ्ठ्याच्या कार्डाच्या पाठीवर लिहिलेली होती. चार नावं. शेवटचं आबांचं. आणि अक्षर आबांचंच. नवागामच्या सगळ्या मीटिंगची वही आबाच लिहितात, ते अक्षर मी डोळे मिटून ओळखीन.

तुम्ही म्हणाल, मग उतरवताना दिसलं नाही का? नाही दिसलं. मी लिहिते तेव्हा वाचत नाही. काना, मात्रा, वेलांटी बघायची, रेघ सरळ ठेवायची, त्यातच माझा सगळा जीव जातो. नाव कोणाचं ते कळत नाही. ज्या माणसाला रोज चहा देते त्याला मी दोनदा मारलं, एकदा वहीत, एकदा रजिस्टरमधे, आणि मला पत्ता नाही.

परत आले तर जेवणं चालू होती. आबा अंगणात एकटेच बसलेले. समोर ताट नाही. जेवणाची कुपनं पण डेलिगेटच्या यादीवरनंच काढली होती.

मी चिठ्ठी पुढे धरली. "आबा, हे काय?"

त्यांनी चष्मा वर केला. "मन्हंच अक्षर शे."

"चुकून लिहिलं ना? तिघांची नावं लिहिता लिहिता हात पुढे गेला ना तुमचा?"

आबा म्हणाले, "प्रभाकरला मी लूमवरून उचलून पार्टीत आणला. सरलाच्या बापाला मी खांदा दिला, ती तेव्हा तुझ्या खुशीएवढी. आता सकाळी हा दारात, संध्याकाळी ती दारात. मत दे, मत दे. मेलेल्याच्या दारात कोणी येत नाही, माय."

इतक्या शांतपणे बोलले.

"पण आबा, ते मला विचारतील."

"कोनले सांगू नको. मत द्यायला भ्याला म्हणतील. आयुष्यभर कशालाच भ्यालो नाही मी. तेवढं राहू दे."

मी चिठ्ठी ब्लाउजमधे घातली. नळाशी खुशीचं तोंड धूत होते तर भाऊ आले. "कल्पना, लिहिताना चूक झाली म्हण. कामाची काळजी करू नको, मी बसलोय." ते गेले तर सरलाबेन. "भाऊने लिहायला लावलं एवढंच बोल. नवागामला खोली देते तुला. डरतीस कशाला?" दोघांनी चिठ्ठीबद्दल विचारलंच नाही. खरं काय झालं ते दोघांनाही नको होतं. भाऊंनी टाइप करायच्या आधी वही वाचली होती की नाही ते मला आजपण माहीत नाही. स्टेजवर ते नाव वाचताना ते अडखळले नव्हते, एवढं खरं.

चौकशीला टेबलामागे तिघं बसले होते. मास्तर मधे. मागे सगळा हॉल. आबा शेवटच्या रांगेत.

"बोला, कॉम्रेड."

मला कॉम्रेड म्हणाले. मी बोलले, "माझी चूक. माझ्या हातानं झालं."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"बिकाऊ!" मागनं कोणीतरी ओरडलं, बाईचा आवाज होता. मास्तरांनी लिहून घेतलं, कारकुनी चूक. दुरुस्ती वरची कमिटी करेल, तोपर्यंत यादी आहे तशी. मतदान झालं. भाऊ एका मतानं निवडून आले.

सरलाबेन आपली माणसं घेऊन तिथनंच निघून गेली. नवागामला त्यांचं वेगळं ऑफिस आहे आता. तोच झेंडा, तसंच टेबल. तिकडच्या बाया मला बघून थुंकतात. माझं काम राहिलं, खोली राहिली. दुरुस्ती अजून आलेली नाही. भाऊ म्हणतात, नाव कापलंय तर आबांनी नव्यानं फॉर्म भरावा. आबा भरत नाहीत.

ते रोज सकाळी ऑफिसात येतात. पेपर वाचतात. लोक त्यांच्या खुर्चीला वळसा घालून जातात, पण त्यांचं नाव कोणी घेत नाही. मी खुशीला आबा म्हणायला शिकवत होते, ते बंद केलं. आमच्या गल्लीतल्या मावशी म्हणतात, मेल्याची अफवा उठली की आयुष्य वाढतं. मी विचारलं, अफवा नाही, लिहिलं असेल तर? त्यावर एवढी माणसं उभी राहिली असतील तर?

मी आता कोणतंही नाव लिहायच्या आधी मोठ्यानं वाचते, आणि माणूस गेल्याचं कोणी तोंडानं सांगितल्याशिवाय पेन उचलत नाही. कामातनं मी शिकले ते एवढंच.

चिठ्ठी माझ्याकडे आहे. दाखवली तर आबांची इज्जत जाते, आणि मी खोटं बोलले म्हणून खोली पण जाते. नाही दाखवली तर एका घरातली माणसं एकमेकांना चोर म्हणत राहतील, ते पण माझ्या बोलण्यावरून. मी आबांचं ऐकलं की खोलीचं ऐकलं, ते मला खरंच कळत नाही. तुमच्या कडेवर पोर असती, आणि तो म्हातारा शेवटच्या रांगेतनं तुमच्याकडे बघत असता, तर तुम्ही काय बोलला असता?