खंडेनवमीचं पाणी

जयमाला अकोले तालुक्यातली, बी.एस्सी. झालेली, आणि सोनईच्या पलीकडच्या एका गावात सातवीला गणित शिकवणारी. रागावणं तिला जमायचं नाही. पण पोरीने गणित स्वतः सोडवलंय की नुसतं घोकून आलीय, हे तिला पहिल्या ओळीलाच कळायचं. "पाठ केलंस की सोडवलंस?" एवढंच ती विचारायची, आणि पोरगी जीभ चावायची.

नव्व्याण्णव साली नगरमधल्या सावेडीतल्या एका संस्थेने शाळेला कंप्युटर दिला. टेलिफोनच्या तारेतून गणितं यायची, मुलींची उत्तरं त्याच तारेतून परत जायची. तार जोडली की यंत्र असं केकाटायचं, की मुली म्हणायच्या, "बाई, याला चिमटा कुणी काढला?" सहामाहीची उत्तरं वेळेवर पोचली, तर दिवाळीनंतर बीजगणित सुरू होणार होतं. जयमालाची मोनिका त्याच वर्गात होती. पुढे नगरच्या शाळेत जाऊन आपली पोर मागे पडेल ही धास्ती जयमालाला या वर्षी जरा कमी वाटत होती.

सोबतीला मराठीच्या माधुरीबाई होत्या. बौद्ध बाईला गावात खोली मिळेना, तेव्हा माधुरीनेच सासऱ्यांशी भांडून आपल्या घरामागची खोली जयमालाला दिली. तेव्हापासून दोघींचा डबा एक. मोनिका तर माधुरीमावशीच्याच ताटात जेवायची.

खंडेनवमीला शाळेत हत्यारांची पूजा असते. घंटा, फळा, बागेतलं खुरपं, सगळ्यांना हळदकुंकू. यंदा मानाचा पाट कंप्युटरला. उत्तरं पाठवायचा तोच शेवटचा दिवस, म्हणून यंत्र चालू होतं, मुली रांगेत उभ्या होत्या. हेडमास्तर उत्तमरावांनी नारळ फोडला.

"सर, थांबा, आधी बंद करते," जयमाला पुढे झाली.

"देवाला थांब म्हणता व्हय बाई?" असं म्हणत त्यांनी नारळाचं पाणी पडद्याच्या डब्यावर शिंपडलंसुद्धा. वरच्या फटींतून ते आत गेलं. चट् असा आवाज झाला, जळका वास सुटला, आणि पडदा काळा पडला. पूजेचं ताट धरून माधुरी शेजारीच उभी होती.

दुपारी सावेडीहून संस्थेचा माणूस स्कूटरवर आला. उत्तमराव म्हणाले, "बाईंनी चालूच ठेवला. पानी सांडलं त्यांच्याच हातून. आता त्यांना या सणाचं काही..." पुढचं त्यांनी अर्धवटच सोडलं.

"माधुरी, तू शेजारी होतीस. सांग ना."

माधुरीने पदर सारखा केला. "माझं लक्ष ताटाकडे होतं, जयाताई."

त्या माणसाने मुलींना विचारलं. पहिली म्हणाली, "आम्ही रांगेत होतो, आम्हाला काही दिसलं नाही." दुसरीही तेच म्हणाली, तिसरीही. शब्द तेच, सूरही तोच. जयमालाला पहिल्या ओळीलाच कळलं, हे घोकलेलं आहे. तरी तिला वाटत होतं, आपली मोनिका आहे ना रांगेत.

मोनिकाची पाळी आली. "आम्ही रांगेत होतो," ती म्हणाली, "आम्हाला काही दिसलं नाही."

दुसरं यंत्र मिळणार होतं, उत्तरांना मुदतही वाढली, पण वर्ग यापुढे माधुरीबाईंनी घ्यायचा, असं सांगून तो माणूस गेला.

घरी आल्यावर जयमालाने लेकीला समोर बसवलं. "कुणी शिकवलं?"

"माधुरीमावशीने. मधल्या सुट्टीत. म्हणाली, सगळ्यांनी असं म्हटलं की तुझ्या आईची नोकरी वाचेल." मग पोरीचा आवाज फुटला. "नाही वाचली का गं?"

"नोकरी आहे," जयमाला म्हणाली.

दसऱ्याला ती पांढरी साडी नेसून विहारात जायला निघाली, तोच मागच्या दाराने माधुरी आली. हातात आपट्याची पानं.

"सोनं घ्या, जयाताई. सरांनी माझी बदली डोंगरात करवली असती हो. सासरे अंथरुणाला खिळलेत. मी काय करणार होते?"

"गप्प बसायचं होतंस. माझ्या पोरीला का शिकवलंस?"

माधुरी चाचरत म्हणाली, "दिवाळीनंतर ते बीजगणित... मला कुठे येतं? तुम्ही संध्याकाळी थोडं समजावाल ना?"

जयमालाला हसूच आलं, कोरडं. "मुलींना मी राहीन तिथल्या ओट्यावर पाठव. त्यांचं बुडू देणार नाही. तू येऊ नकोस. आणि खोली मी दिवाळीत सोडते."

माधुरीचे डोळे भरले. तिने पानं मोनिकापुढे धरली. "मोनू, तू तरी घे. दरवर्षी घेतेस ना?"

मोनिकाने आईकडे पाहिलं. मग पोरीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

माधुरी गेली. जयमाला लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. हे तिचं तिने सोडवलं, की आईचा चेहरा बघून पाठ केलं? अख्ख्या वर्गाचं ओळखणाऱ्या बाईला ते काही ओळखता येईना.