बोट लावलं की वाजणारा रेडिओ

जयनगरातल्या त्या गाडीच्या रेडिओवाल्याचं नाव मी विचारलंच नाही, पण त्याचं बोट काही विसरत नाही. आमच्या ह्यांना जुन्या गाडीत रेडिओ हवा होता, आणि रंगाला ओरखडा मात्र नको होता.

टपाच्या कडेला अँटेना धरून तो म्हणाला, "सर, खालचा रंग स्वल्प खरवडायला लागतो. बैठक उघड्या पत्र्याला टेकली नाही तर खरखरच येणार."

"रंगाला हात लावायचा नाही," हे म्हणाले.

"सरी," असं कानडीत 'बरं' म्हणून त्याने अँटेना तशीच बसवली, केबल आत ओढून जोडली. खरखर. मग त्याने अँटेनाला बोट लावलं, तर गाणं अगदी स्वच्छ.

"वाजतो की," हे खूश.

"वाजतो. पण अक्का, मला बरोबर न्यायला लागेल," असं मला सांगून तो खरंच पुढे जाऊन बसला. मग काय, खिडकीतून हात काढून त्याने अँटेना धरली आणि आम्ही तिघं चौकाला फेरी मारून आलो. सिग्नलला लोक वाकून बघायचे, तर हा त्यांना मान डोलवायचा.

दुकानापाशी उतरताना त्याने बोट काढलं आणि गाणं मधेच तुटलं. "सर, रंग रस्त्यावरचे लोक बघतात," तो म्हणाला. "तुम्ही तर आत बसता."

ह्यांनी पाठ फिरवली. म्हणाले, "खरवड. मी बघणार नाही."

मी बघितलं. नखाएवढा रंग गेला. तेवढ्यासाठी तो माणूस अख्खा चौक हात बाहेर काढून फिरला होता.